न हलणाऱ्या माणसाचा दिवा

प्रिय काकू,

वाकून नमस्कार. एखादा माणूस खोलीत बसला आहे पण अजिबात हलत नाही, तर तो खोलीत आहे असं दिव्यानं धरावं की नाही? मी घरातली पहिली पदवीधर (हे बाबांनी तुला कालही ऐकवलं असेल), पण मला याचं उत्तर येत नाही. असो. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का? आणि बाबा तुमच्याकडे नीट जेवतात ना?

(पत्राची मागची बाजू वाचू नकोस. ते ऑफिसातलं पंखे बंद ठेवण्याविषयीचं पत्रक आहे, मीच लिहिलेलं. पाठकोरा कागद फेकवत नाही.)

बाबांनी त्यांच्या बाजूनं सगळं सांगितलं असेलच, आता माझी बाजू ऐक. ऑफिसात वीज आणि कागद वाचवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यात जीव ओतला. सगळी छपाई पाठपोट करायला लावली. त्यात साहेबांचं भाषणही तसंच छापलं गेलं आणि त्यांनी फक्त पुढच्या बाजू वाचल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, उलट टाळ्या जास्त पडल्या. मग कोणी हललं की लागणारे आणि सगळे स्वस्थ बसले की विझणारे दिवे बसवले. आमच्या ऑफिसात ते बहुतेक वेळ विझलेलेच असतात. तिथं माझं कौतुक झालं, तेव्हा वाटलं, घरानं काय पाप केलंय? म्हणून पहिल्या पगारातून तसाच एक सेन्सर आणून बाबांच्या कामाच्या टेबलावर लावला.

काकू, घड्याळ दुरुस्त करणारा माणूस किती स्वस्थ बसतो, हे जन्मभर बघूनही माझ्या डोक्यात आलं नाही. बाबा तर श्वासही जपून घेतात. काम नाजूक झालं की दिवा विझायचा. "अगं, मी जिवंत आहे!" बाबा अंधारातून ओरडायचे. मग आई स्वयंपाकघरातून येऊन हात हलवून जायची. परवा गिऱ्हाइकाच्या जुन्या घड्याळाची स्प्रिंग चिमट्यात असतानाच अंधार झाला. स्प्रिंग उडाली ती उडालीच. बाबांनी शांतपणे पिशवी भरली. "बसल्या माणसाला उजेड देतात, अशा घरी जातो," म्हणाले आणि तुमच्याकडे आले.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून मी अभ्यास केला. बाबांचं काम आटोपलं तरी ते डोळ्याचं भिंग न काढता बसून राहायचे, म्हणजे दिवा चालू ठेवायला निमित्त. मी मात्र त्यांच्याच डोक्यावर पहारेकरी बसवला.

तुझी लाडकी,
छोटी

ता. क. सेन्सर आता जिन्यात लावला आहे, तिथं कुणी स्वस्थ बसत नाही. टेबलाला जुनं बटण परत बसवलं. आईचा निरोप : "म्हणावं, रुसायचं तर घरी येऊन रुसा. निदान समोर तरी दिसाल."

ता. क. २ : हे तुझ्या पायरीवर बसून लिहिते आहे. पाकीट वाचावं म्हणून पत्र स्वतःच आणलं (त्यासाठी बसचं तिकीट काढावं लागलं, ते जाऊ दे). बेल वाजवत नाही. वीज वाचावी म्हणून नाही, बाबा मागच्या दारानं निघून जातील म्हणून. पत्र दाराखालून सरकवते आहे. आधी मागच्या दाराला कडी घाल, मग हे दार उघड.