पोटात द्यायचं तेल

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहायचा कंटाळा, म्हणून आपल्यात कधी कागदाचा व्यवहार झाला नाही. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आज मी ओसरीत कागद घेऊन बसले आहे. तुझी नात पहिल्या बाळंतपणाला आली आहे. सकाळपासून कळा चालू आहेत. मी फार आरडाओरडा करते म्हणून सुईणीनं मला बाहेर काढलं. बाहेर बसून करू काय?

हिचा जन्म तुझ्याच घरी झाला. तू खोलीच्या खिडकीला गोधडी ठोकलीस. वारा नको, नजर नको, ऊन तर नकोच. पोर गोरी निघाली, म्हणून पुढेही आपण दोघींनी तिला सावलीतच वाढवलं. चालायचं वय झालं तरी भिंत धरून उभी राहायची, आणि पाय धनुष्यासारखे वाकायचे. चिखलीच्या दवाखान्यातल्या डाक्टरीणबाईंनी तिची मनगटं दाबून पाहिली, मुडदूस आहे म्हणाल्या, उन्हात ठेवायला सांगितलं आणि तेलाची बाटली दिली. पाय वाकडे आणि वर तेल दिलेलं. आपल्यातली कोणती बाई ते पोटात देईल? तू शेगडीजवळ मांडी घालून दोन्ही वेळा चोळत बसायचीस. "कसला वास मारते वं हे!" म्हणायचीस. मी म्हणायची, "औषध हाय, मारनच."

बाटली संपली, पाय तसेच. तू माझ्याबरोबर दवाखान्यात आलीस, भांडायलाच.

"कसं पाजलं?" डाक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाजलं? म्या तं चोळलं!"

त्या हसल्या, मग हसू आवरलं. "आजी, माशाच्या काळजाचं तेल आहे हे. उन्हातून अंगाला जे मिळतं ते यात असतं. पोटात गेलं पाहिजे."

तुझ्या गळ्यात तुळशीची माळ. तू आपले हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लांब धरलेस. "मासोळीचं? अन् मी याच हातानं देवाले पाणी घालून राह्यली! आमच्या घरात नाही चालत, बाई. दुसरं द्या."

"दुसरं नाही. मुलगी आहे ही. वाकड्या पायांनी एक वेळ चालेल. कमरेचं हाड असंच राहिलं तर पुढं बाळंतपणात अडेल. मूल बाहेर येणार नाही."

गाडीत मी मनात भांडण तयार करून ठेवलेलं. तू घरी आलीस, हातपाय धुतलेस, माळ काढून देवाजवळ ठेवलीस आणि डाक्टरीणबाईंनी दिलेली नवी बाटली घेऊन अंगणात उन्हात बसलीस. माझ्या हातून पोरीनं सगळं थुंकून टाकलं. मग तू बोट बुडवून आधी स्वतः चाटलंस. अजून मला तुझं ते तोंड दिसतं. "वाईट हाय," तू तिला म्हणालीस, "लय वाईट हाय. मी खाल्लं, आता तू खा." आणि तिनं खाल्लं. रोज असंच. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "माळकरीण मासोळी खाते काय वं?" तू म्हणालीस, "खाते. तुह्या घरी मागाले आली काय?" पोर सरळ पायांनी शेणाच्या पाट्या वाहायला लागली तरी तू माळ परत घातली नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "देवाले ठावं हाय कुठी ठेवली ते."

आज मी बाळंतिणीच्या खोलीची खिडकी सताड उघडली आहे. बायका म्हणतात, "काऊन वं, वारं लागन न पोरीले!" लागू दे. नातवंडाला पहिल्या महिन्यापासून उन्हात नेणार, आणि ते तेल पाजणार. कुणी आडवं आलं तर माझ्याशी गाठ आहे. सगळ्यांना बजावलं आहे, हिची हाडं माझ्या मायनं नीट केली आहेत, काही अडत नाही. ते खरंच आहे.

फक्त ती आत ओरडली की मी सुईणीला नाही, देवालाही नाही, तुलाच हाक मारते. मोठ्यानं नाही. या बायकांना कशाला ऐकवू?

आत बोलावताहेत. कागद इथंच राहू दे.