एका पावलाची फीत

३ सप्टेंबर

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरांनी एका दमात दीडशे पावलांची मुभा दिली आहे, मग पाच मिनिटं बसायचं, आणि एवढं जमणार असेल तरच तुझा मुलगा तुला इकडे पाठवणार, हे दोनदा वाचलं. न जमायला काय झालं? वरच्या दोन खोल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांना मी वीस वर्षं हे शहर दाखवते आहे. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला माझा कागद वाचून लोक बिनघोर फिरून येतात. त्यांना काय बघायचं ते लिहिते, तुला कुठे बसायचं ते लिहिते.

आधी घड्याळाचा मनोरा. घरापासून एकशे वीस पावलं. पायथ्याशी दगडी कट्टा आहे, पण सकाळी तो बर्फासारखा गार असतो, तेव्हा घडी घातलेली शाल खाली घ्यायची. वर चढायचं नावही काढायचं नाही. वरून नुसती छपरं दिसतात. तिथून एकशे तीस पावलांवर पावाची भट्टी. भट्टीवाली स्वतःच्या बाकावर बसवून घेते आणि सुनेच्या कागाळ्या सांगते. आपण मान डोलवायची, मत द्यायचं नाही. मग जुन्या पुस्तकांची गल्ली. डावीकडचे विक्रेते पुस्तकाला हात लावू देतात, उजवीकडचे तोंड पाडून बसतात, म्हणून डावीकडूनच चालायचं. गल्लीच्या टोकाला बुकबाइंडर आहे. त्याच्याकडे बसायला जागा आहे आणि तो बोलत नाही, हे दोन्ही गुण एका माणसात क्वचित सापडतात.

आणि तिथून पूल. त्यावर आप्पांनी घडवलेला शेवटचा दगड आहे. तू तीन महिन्यांची असताना ते गेले आणि आई आपल्याला घेऊन मामाकडे राहायला गेली. लग्न झाल्यावर मी इथे परत आले, तू आलीच नाहीस. आता ये. त्या दगडावर एकदा हात ठेव.

मुलाला आशीर्वाद. माया आहेच, ती येण्याजाण्याने वाढव.

तुझी,
ताई

९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मुलाला वाचून दाखवलं. तो खूश झाला, सूनबाईने माळ्यावरून बॅगही काढली. मग एका गिऱ्हाइकाच्या झग्याची बाही कापता कापता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताई, ही पावलं मोजली कुणी? तू. शाळेत तुला उंट म्हणायचे ते काही उगीच नाही. उंटाने मोजावं आणि शेळीने चालावं, असा हा तुझा हिशेब आहे. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण एकीच्या मापाचं दुसरीच्या अंगावर नीट बसलेलं मी पाहिलं नाही.

सोबत निळी फीत पाठवते आहे. गाठीपासून गाठीपर्यंत माझं एक पाऊल. सूनबाईने मी चालत असताना तीनदा मापून घेतलं आहे. आता पुन्हा मोज, आणि यात जे अंतर बसणार नाही ते मला स्पष्ट कळव. मुलाला फसवून मला यायचं नाही.

आणखी एक मनातलं सांगते, रागावू नकोस. इतकी वर्षं दुकान, मुलं, पाहुणेरावळे अशी कारणं मी दिली. आप्पा आपल्या प्रत्येक दगडावर पाथरवटाची खूण म्हणून एक गोल काढायचे, आणि तू झालीस तेव्हा त्यांनी त्याखाली एक रेघ वाढवली, हे आईने सांगितलेलं मला पाठ आहे. भांडण झालं की तू म्हणायचीस की आप्पांच्या दगडात तू आहेस आणि मी नाही. लहानपणचं बोलणं ते, पण जे आपल्याला ओळखतच नव्हते त्यांच्या दगडाकडे कशाला जायचं, असं मला वाटत राहिलं. यंदाच्या आजारपणानंतर मात्र वाटायला लागलं की नसले त्यात तर नसले, बघून तरी यावं.

भाओजींना नमस्कार. तुझ्या पायांना सांभाळ, मला ते उसने लागणार आहेत.

तुझी,
पिटुकली (वय वर्षं बासष्ट)

२० सप्टेंबर

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फीत पोचली. तेवढंसं पाऊल पाहून आधी हसले, मग मटकन खुर्चीत बसले. आजारपणाने तू इतकी आखडली असशील असं वाटलं नव्हतं. पत्रात तू नेहमी टुणटुणीत असतेस.

मग ती फीत दोन्ही घोट्यांना बांधली आणि निघाले. भट्टीवालीने विचारलं की मी पळून जाऊ नये म्हणून घरच्यांनी बांधून ठेवलंय का. तुझे भाओजी चार हात मागून चालत होते, ओळख नसल्यासारखे. मनोरा एकशे वीसचा एकशे ऐंशी झाला, पण मधे औषधाच्या दुकानाची रुंद पायरी सापडली. भट्टीपर्यंतही मधे एक ओटा मिळाला. पुस्तकांच्या गल्लीत एक विक्रेता गठ्ठ्यावर बसू देतो, मात्र गठ्ठा कोशांचा हवा, कवितांचा खचतो.

अडलं ते शेवटी, जिथली पावलं मी आधी मोजलीच नव्हती. बुकबाइंडरपासून दगडापर्यंत तुझी जवळजवळ तीनशे पावलं, चढाची, आणि मधे बसायला काही नाही. नगरपालिकेत बाक मागायला गेले. कारकून म्हणाला की अर्जाचा विचार पुढच्या वर्षी होईल. मी म्हटलं की बहिणीच्या हृदयाला तसं कळवते.

बरोबर मध्यावर कुलुपवाल्याचं दुकान आहे. त्याच्याशी माझं अकरा वर्षं बोलणं नाही, कारण माझ्या कागदावर लिहिलं होतं की कुलुपवाल्याला रस्ता विचारू नका, तो खेकसतो. पण अडला हरी, गेले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की तेवढी ओळ खोड, खुर्ची बाहेर ठेवतो. खोडली. दगडापाशी बसायला बुकबाइंडर त्याचं स्टूल देणार आहे, बुटकं आहे, चालवून घे.

मी तुला असं चिडवत होते, ते मला आठवतही नव्हतं. तुला मात्र आठवतं आहे. त्याची लाज वाटते. ये तर खरी.

वाट बघते आहे, हे निराळं लिहायला नकोच.

तुझी,
ताई

१८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. मुलाने नाडी पाहिली, चेहरा पाहिला आणि सामान घरात घेतलं. तुझ्या भट्टीवालीने सुनेबद्दल जे सांगितलं ते मी सूनबाईला सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी फार गोड वागते आहे.

आता एक कबुली. पुलावर तू मला दगड दाखवलास, गोल आणि रेघ, आणि मला स्टुलावर बसवलंस. ते इतकं बुटकं की गुडघे हनुवटीला टेकायचे तेवढे राहिले होते. तू तीनदा माफी मागितलीस. तेवढ्यात तुझे वरच्या खोलीतले पाहुणे रस्ता चुकून आले, आणि तुझ्यातली यजमानीण जागी झाली. त्यांना वाट दाखवायला तू कोपऱ्यापर्यंत गेलीस. मी एकटी बसून होते.

त्या रेघेखाली दगडाची एक जाड पट्टी बाहेर आली आहे. उभ्याने, वाकून बघितलं तरी, तिच्या खालचं काही दिसत नाही. बसल्यावर दिसतं. पट्टीच्या खाली आणखी एक रेघ आहे, वरच्या रेघेच्या अर्धी. मी बोट फिरवून पाहिलं. तडा नाही. कापलेलं आणि फाटलेलं यातला फरक मला कळतो.

तू परत आलीस आणि धाप लागली का म्हणून विचारलंस. मी हो म्हटलं. खोटं बोलले. तुझी रेघ एवढी वर्षं तुझी एकटीची होती, मला माझी आठ दिवस तरी एकटीची हवी होती. ते आठ दिवस काल संपले, म्हणून लिहिते. जाऊन बघ, पण बसून.

कुलुपवाल्याला माझा नमस्कार सांग. तो खेकसत नाही, त्याला कमी ऐकू येतं.

तुझी,
पिटुकली

२५ ऑक्टोबर

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं आणि चपला घातल्या. बुकबाइंडर स्टुलावर बसून पानं शिवत होता, म्हणून पुलावर जमिनीवरच बसले. उंट खाली बसायला किती वेळ घेतो ते येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं.

आहे. अगदी तू म्हणतेस तशी. पट्टीच्या वर जागा उरली नव्हती, म्हणून खाली काढली असणार.

मी तिथे बसून रडले. वीस वर्षं पाहुण्यांना त्या दगडापाशी उभं करून सांगत आले की वडिलांनी ही रेघ माझ्यासाठी काढली. एकदा खाली बसावं असं सुचलं नाही. तुला बासष्ट वर्षं तुझ्या वाटणीविना ठेवलं ते आप्पांनी नव्हे, मी. मला माफ कर.

उठताना पाय आखडले. कुलुपवाल्याने खुर्ची आणली आणि हात देऊन बसवलं. ती खुर्ची आता तो रोज बाहेर ठेवतो. काल एक म्हाताऱ्या पाहुण्या बाई चढावर तिच्यात बसल्या आणि पूल बघून आल्या. एरवी माझ्या कागदावरचा पूल त्यांनी वगळला असता.

कागद नवा लिहिला आहे. प्रत्येक ठिकाणापुढे बसायची जागा आहे, आणि सगळी अंतरं तुझ्या फितीने. शेवटी लिहिलं आहे की पुलावरचा दगड उभ्याने बघू नये, खाली बसावं, मुली दोन आहेत.

आता दर वर्षी यायचं. दीडशे पावलं तुझी, पुढची जबाबदारी माझी.

तुझी,
वरची रेघ