सुतळी बांधलेली जागा

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. काल कोल्हारला आले. आई अजून तुमच्या हातोडीने गूळ फोडते. हातोडी पाहिली आणि साखर कारखान्याचं आवार आठवलं. गळीत हंगाम संपलेला, रसाचे काढलेले पाइप लाकडी ठोकळ्यांवर ओळीने मांडलेले. तुम्ही फिटर, मी सातवीत, तुमचा डबा घेऊन आलेली. पाइपात क्षारांचा थर किती साचलाय ते बघायचं आहे. मी पाइपाच्या तोंडातून बॅटरी मारून बघते, मग बाहेरून ठोकते.

"आप्पा, थर जाड दिसतोय, पण आवाज रिकाम्या पाइपासारखा खणखणीत येतोय. तुमची हातोडी खोटं बोलते."

"हातोडी न्हाई, तू. बघितलंस हितं, वाजवलंस तिथं. आन् वर दोघांचं भांडन लावतीस व्हय?"

तुम्ही आत काठी घातलीत, थराला टेकल्यावर तोंडापाशी बोटाने धरलीत. तेवढीच लांबी बाहेरून मोजून पाइपाला सुतळी बांधलीत. "आता हितं ठोक." आवाज बद्द आला.

सध्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत मी रक्तवाहिन्या आतून बघण्याचं काम करते. खाटकाकडून आणलेली बोकडाची धमनी, तिच्यात बारीक नळी, नळीच्या टोकातून अल्ट्रासाउंड आणि प्रकाश सोडायचे. अल्ट्रासाउंड धमनीच्या भिंतीत खोल जातं, पण चित्र भरड येतं. प्रकाश वरचा पातळ थर स्वच्छ दाखवतो, पण खोल पोचत नाही. म्हणून दोन्ही हवेत. दोन महिने दोन्ही चित्रं जुळत नव्हती. एकात जाडी डावीकडे, दुसऱ्यात वर. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "प्रकाशाचा नाद सोडा आता." त्या दुपारी मी धमनीच्या भिंतीत एक सुई टोचली. दोन्ही चित्रांत ती दिसली. एक चित्र फिरवून सुईवर सुई आणली, आणि थरावर थर बसला. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. त्या बद्द आवाजात तुम्हाला नेमकं काय ऐकू यायचं? नुसती जाडी, की थर मऊ आहे की टणक, तेही? आमचं यंत्र अजून एवढं सांगत नाही.

सरांनी विचारलं, "हे सुचलं कुठून?" मी म्हणाले, "असंच." शोधनिबंधात सरांचे आभार आहेत, खाटकाचेही आहेत. हा कागद कुठे जायचा नाही. निबंध सोमवारी जाईल. कालपासून त्या आभारांत तुमच्यासाठी एक ओळ चार वेळा लिहिली. चारही वेळा 'फिटर' खोडून 'तंत्रज्ञ' केलं.