मधातलं शिसं

३ एप्रिल

साठ बाटल्या परत आल्या. दुकानदाराच्या माणसाने खोकी ओट्यावर आपटली, वर एक कागद ठेवला आणि गेला. पाणी घेतोस का विचारेपर्यंत टेम्पो वळलासुद्धा.

फोन केला. दुकानदार म्हणे, "बाई, मोठी दुकानं हल्ली तपासणीचा कागद मागतात. तुमची एक बाटली पाठवली होती. शिसं निघालं."

"शिसं? पेन्सिलीतलं?"

"पेन्सिलीत नसतंच हो शिसं. हे खरं शिसं. धातू. विषच म्हणा."

कागदावर लिहिलंय — मर्यादेच्या अठरा पट. एकवीस वर्षं मधमाश्या पाळते. पाक मिसळला नाही, मध उकळून पातळ केला नाही, पोळ्यात पिकायच्या आत ओला मध काढला नाही. आणि याने मला न विचारता माझी बाटली फोडली आणि माझ्या तोंडावर विष हा शब्द टाकला. मधाच्या बाटल्या जिथल्या तिथे ओट्यावर. आत घ्यावंसं वाटेना.

४ एप्रिल

कुणी केलं हे कळायला ज्योतिषी नको. पेट्यांजवळ उभं राहिलं की समोर शेताच्या पलीकडे कारखाना दिसतो. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं, विटा पाडायच्या. आठ वर्षांपूर्वी आला. धुराडं सकाळी पिवळं ओकतं, दुपारी काळं. मागच्या बाजूने चर काढलाय, त्यातलं पाणी ओढ्यात. माझ्या माश्या त्याच ओढ्यावर पाणी पितात.

आठ वर्षं मी गप्प बसले. का? पलीकडच्या घरातली शेजारीण तिथे कामाला. निम्मी वस्ती तिथे कामाला. म्हटलं, कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या. आता माझ्याच पोटावर आलाय ना.

७ एप्रिल

लेकीला सातवा महिना. माहेरपणाला आल्यापासून रोज सकाळी चमचाभर मध. मी देते. माझ्या हाताने. ती नको म्हणाली तरी. "घरचा आहे, बाधत नाही," हे माझं पालुपद.

आज ते वाक्य आठवलं आणि हातातला चमचा मोरीत फेकून दिला.

डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "रक्त पाठवू या." लेक माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे.

९ एप्रिल

तिच्या रक्तातही आहे.

१० एप्रिल

कारखान्याच्या फाटकावर गेले. पहारेकरी आत सोडेना, तेव्हा तिथेच उभी राहून ओरडले. पाळी सुटत होती, सगळे थबकले. शेवटी मॅनेजर आला. लेकीच्या वयाचा असेल. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर.

"काकू, आमच्याकडे सगळे परवाने आहेत."

मी याची काकू कधी झाले?

"परवाना चाटवू का पोटातल्या बाळाला?" म्हटलं.

"काकू, शांत व्हा. मध म्हटलं की हजार भानगडी. माश्या कुठे कुठे जातात, तुम्ही त्यांच्या मागे थोड्याच फिरता."

शेजारीण गर्दीत होती. हाताला काळे मोजे, तोंडाला ओढणी. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून चालू लागली. तिचाही राग आला. हो, तिचाही.

११ एप्रिल

तक्रार दिली. चार पानं. लेक म्हणाली, एका पानात मावलं असतं. मला मावत नव्हतं.

१८ एप्रिल

कारखाना बंद! अधिकारी येऊन गेले, सुनावणी होईपर्यंत भट्टी पेटवायची नाही असा आदेश. धुराड्याला आज धूर नाही. पेट्यांपाशी खुर्ची टाकून बसले आणि नुसती त्या धुराड्याकडे बघत राहिले. आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

रक्तातलं शिसं काही आदेशाने उतरत नाही, हेही जेवताना आठवलं. तरी जेवले.

२० एप्रिल

नळावर शेजारणीने गाठलं. एरवी ताई ताई करणारी.

"झालं का समाधान? अख्खी वस्ती घरी बसली. तुमच्या माश्यांपायी आमच्या चुली विझल्या."

"माझी लेक विष पितेय आणि मी बघत बसू?"

"तुमच्या लेकीला डॉक्टर आहे. माझ्या लेकीने काय खायचं ते सांगा."

तिची चार वर्षांची पोर तिच्या पदराला धरून उभी. किरकिरी, हडकुळी. सारखं पोट दुखतं म्हणते म्हणे. मी म्हटलं, "उद्या मला दुवा देशील." ती म्हणाली, "दुव्याने हंडा भरत नाही," आणि माझा नंबर असताना आपला हंडा पुढे सारला. मी सरकले नाही, तीही नाही. दोन हंडे एकमेकांवर रेटत उभ्या राहिलो, लहान पोरींसारख्या. पाणी तेवढं वाहून गेलं.

२३ एप्रिल

सुनावणीला कारखान्याचा वकील येणार. अधिकारी म्हणाले, "बाई, मधात शिसं आहे एवढं पुरत नाही. ते त्यांचंच, हे दाखवता आलं तर बरं."

दाखवते की. कारखान्याकडच्या पेटीतून पोळ्याचा तुकडा कापला, तसाच मेणासकट बरणीत. लांबच्या, टेकडीखालच्या पेटीतून दुसरा. तिसरी बरणी साठवणीच्या टाकीतून. चौथी ओढ्याच्या पाण्याची, पण ती प्रयोगशाळेने ठेवून घेतली नाही. पाण्याचा अर्ज वेगळा, खिडकी वेगळी, आणि ती खिडकी बंद. जाऊ दे. जवळच्या पेटीत जास्त, लांबच्या पेटीत कमी निघालं की झालं. बघते वकील काय बोलतो.

३० एप्रिल

प्रयोगशाळेतल्या बाईंनी आत बोलावून घेतलं. खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच समजायला हवं होतं.

कारखान्याजवळची पेटी — शिसं नावाला. टेकडीखालची — नावाला. टाकी — अठरा पट.

मी म्हटलं, कागद बदलले असतील. त्या म्हणाल्या, "मीही तेच म्हटलं. म्हणून पुन्हा केलं." मग सावकाश सांगितलं. माश्या बरंच अंगावर घेतात, मधात फार उतरू देत नाहीत. पण मध आंबट असतो. साध्या धातूच्या भांड्यात महिनोन्‌महिने राहिला तर तो धातू खातो. "टाकी कसली आहे तुमची?"

पत्र्याची. दादाने केलेली. सांधे जोडायला वितळवलेला डाख दिलेला.

"डाखात काय असतं, माहीत आहे ना?"

बस चुकली. दुसरीत बसायला जागा होती, तरी उभीच राहिले.

१ मे

दादाच्या दुकानात गेले. माझा सख्खा मोठा भाऊ, चाळीस वर्षं पत्राकाम करतोय. बादली ठोकत होता. कागद त्याच्या पुढ्यात टाकला.

"डाखात शिसं असतं?"

"असतंच. शिसं आणि कथील. त्याशिवाय पत्रा धरतो कशाने?"

"आणि तू मला त्याची टाकी करून दिलीस? तुझ्या भाचीच्या रक्तात शिसं निघालंय, दादा. तिच्या पोटात बाळ आहे."

आयुष्यात त्याच्याशी असं बोलले नव्हते. पत्र्याशी खेळता खेळता अक्कल गंजली, म्हटलं. आणखीही बरंच. त्याने हातोडी खाली ठेवली. मी थांबेपर्यंत थांबला.

मग म्हणाला, "अगं, ती टाकी मी बागेच्या पाण्यासाठी केली होती. तीन वर्षांपूर्वी. तूच सांगितलंस, झाडांना पाणी साठवायचंय. मध केव्हा भरलास तिच्यात?"

त्या वर्षी मध उदंड झाला होता. स्टीलचा पिंप भरून गेला. टाकी नवी, कोरी, झाकणाची, तोटीची. मी धुतली, उन्हात वाळवली, भरली. त्याला विचारलंही नाही. विचारलं असतं तर त्याने लगेच सांगितलं असतं.

"चहा घे," म्हणाला. घेतला नाही. त्याचे डोळे भरले होते. तेही बघवलं नाही.

२ मे

आता रागावू कुणावर?

३ मे

लेकीला सांगितलं. तिने पोटावर हात ठेवला. वाटलं, आता तोडून बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मामाला. प्रयोगशाळेला. तपासणी मी माझी म्हणून करून घेतली, कागद माझाच आहे."

"मग आई, गप्प बस. कारखाना काय धुतल्या तांदळासारखा आहे? ते पिवळं पाणी तू पाहिलंस, मी पाहिलं. बंद झालाय तर बंद राहू दे. खोटं बोलू नकोस. बोलूच नकोस."

पटलं. अगदी पटलं. तासभर.

मग नळावरचे दोन हंडे आठवले. तिच्या चुलीत मी पाणी ओतलंय, आणि ते खोट्या कारणाने. कारखाना वाईट असेल. पण मी त्याच्यावर ठेवलेला आळ माझ्या टाकीतला आहे.

दुकानदारावर चिडले, मॅनेजरवर चिडले, शेजारणीवर, दादावर. एकाही वेळी मला वाटलं नाही की आधी आपलं घर तपासावं. एकवीस वर्षांचा माज, दुसरं काय.

५ मे

सुनावणी. लांब टेबल, पंखा, पाण्याच्या बाटल्या. वकिलाने फाईल उघडायच्या आत मी उभी राहिले आणि तिन्ही कागद टेबलावर ठेवले.

"मधातलं शिसं माझ्या टाकीतलं आहे. चूक माझी आहे."

अधिकाऱ्यांनी कागद वाचले. मॅनेजर तर हसू दाबताना लाल झाला. वकिलाने फाईल तशीच पिशवीत घातली.

अधिकारी म्हणाले, "म्हणजे तक्रार निकाली."

मी म्हटलं, "मधाची निकाली. चराच्या पाण्याचं काय? धुराचं? तुम्ही येऊन बघून गेलात ना?"

"तुमची तक्रार मधाबद्दल होती, बाई. मधाचं कारण सापडलं. पाण्याबद्दल आमच्यासमोर काही नाही."

"मग मी आता तोंडी सांगते."

"तोंडी चालत नाही." आणि मग जरा खालच्या आवाजात, "आता तुमच्या शब्दावर कोण चौकशी लावणार, तुम्हीच सांगा."

दारात मॅनेजरने हात जोडले. "काकू, मनाचा मोठेपणा लागतो याला."

खरं बोलले म्हणून बरं वाटेल असं वाटलं होतं. जिना उतरताना दात इतके आवळले होते की अजून जबडा दुखतोय.

६ मे

भट्टी पेटली. धूर पिवळा.

९ मे

तीन दिवस दारोदार. ज्यांनी ज्यांनी मध नेला, त्यांची नावं डोक्यात आहेत. बाटल्या परत घेतल्या. बहुतेकांच्या अर्ध्या संपलेल्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांना रोज देत होते हो." त्यांच्याच दारात खाली बसले. प्रत्येकाला तेच सांगितलं — शिसं होतं, माझ्या चुकीने, रक्त तपासून घ्या. काही जण दार लावून घेत होते. एकाने विचारलं, "कारखान्याकडून काय मिळालं?" त्याला मी उत्तर दिलं नाही. पूर्वी दिलं असतं.

दादा सोबत होता, सगळे दिवस. पिशव्या त्यानेच उचलल्या. टाकीही त्यानेच छिन्नीने फोडली. मध खड्ड्यात, चुना टाकून, वर माती. माश्या त्या मातीवर घिरट्या घालत होत्या, म्हणून आणखी माती लोटली.

१३ मे

लेकीचा दुसरा कागद. उतरलंय. अजून आहे, पण उतरलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ ठीक दिसते, नजर ठेवू. लेक घरी आल्यावर म्हणाली, "आई, आता तरी जेव." जेवले. नंतर मोरीत जाऊन रडले. ती दाराबाहेर उभी होती, आत आली नाही. शहाणी आहे.

१६ मे

सकाळी दार वाजलं. शेजारीण. कामाच्या कपड्यांत, पण कामावर न गेलेली. पोर काखेत, झोपलेली. मला वाटलं, भांडायला आली.

हातात डॉक्टरीणबाईंचा कागद. तुमच्या लेकीचं ऐकलं, म्हणाली, म्हणून कुणाला न सांगता पोरीचं रक्त दिलं. मला वाचता येतं तेवढं वाचलंय, तुम्ही नीट वाचा.

वाचलं. लेकीच्या दुप्पट.

"ताई," ती म्हणाली, "आमच्या घरात मधाचा थेंब कधी आला नाही. मग हिच्यात हे कुठून आलं?"

तिला आत घेतलं, पोरीला लेकीच्या शेजारी निजवलं आणि कोरा कागद काढला. या वेळी तक्रार एका पानात मावली. खाली पहिली सही तिची आहे.