बाबांचा डावा हात

नम्रताताई,

मोरबीत कामावर लक्ष लागत नाय, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर बाबांचा चांगला, डावा हात तू मोज्यात घालून बांधलेला दिसला. लकवा मारलेल्या उजव्या हातानं ते भात खात होते, अर्धा लुंगीवर सांडत होता. बाबा म्हणाले, "बघ रं जितेश, तुझ्या ताईनं मला चोरासारखा बांधलाय!"

मी पेटलोच. "बापाला बांधतेस? लाज नाय वाटत?" असं शेजारणींच्या देखत ओरडलो. तू हात सोडलास, त्यांना भरवायला लागलीस.

काल कर्जतच्या फिजिओ मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, चांगला हात अडकवला की दुसऱ्याला काम करावंच लागतं. तुमच्या ओरडण्यानं तीन आठवडे फुकट गेले, बोटं परत आखडलीत. बाबा तेव्हा मस्करी करत होते, ते मला आत्ता कळतंय.

हे पाठवणार नाय, फोनवरच सांगणार हाय. पण फोन लावला की "जेवलीस का"च्या पुढं जीभ सरकत नाय. म्हणून इथं लिहून पाठ करतोय: ताई, माझं चुकलं, उद्यापासून परत बांध. मी पुन्हा ओरडलो, तर बाबांच्या उजव्या हातात फोन दे आणि म्हण, कट करा.

तुझाच,
जितेश