उठता येईल असं जेवण

आई, तुला हे सांगायचं म्हणजे आधी ती जागा समजावून सांगावी लागेल. पालीच्या पुढे, खोपोलीकडे जाताना एक मोठं थीम पार्क झालंय. तू होतीस तेव्हा तिथे नुसता माळ होता. जत्रेत मी आकाशपाळण्यात बसलो की तू खाली पदर तोंडाशी धरून उभी राहायचीस, आठवतं? तसलेच पाळणे, पण कितीतरी, आणि प्रत्येकाची जीव काढायची तऱ्हा वेगळी. तिकीट एवढं की तू ऐकलं असतंस तर तिथल्या तिथे मला घेऊन परत फिरली असतीस. यंदा मे महिन्यात मी माझ्या लेकीला घेऊन तिथे गेलो. तू तिला पाहिलं नाहीस. तिची दहावी झाली.

आम्ही दोघंच गेलो, कारण आता आम्ही दोघंच आहोत. तुझी सून गेल्या पावसाळ्यात गेली. तिलाही तू पाहिलं नाहीस, आणि ती मात्र तुझ्या फोटोला रोज हळदकुंकू लावायची. पोटाचं दुखणं होतं, फार उशिरा कळलं. तेव्हापासून रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या या घरात आम्ही बाप-लेक नुसते ये-जा करतो. माझी धाटावच्या कंपनीत शिफ्ट. ती उठते तेव्हा मी झोपलेला, मी उठतो तेव्हा ती क्लासला. डबा खानावळीतून येतो आणि ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो उघडतो. बोलणं झालंच तर गॅस संपला, चावी शेजारी ठेवलीय, एवढंच. घरात बोलायला माणूस असून घर मुकं असणं काय असतं, ते तुला नाही सांगता येणार. तुझ्या घरात कोणी गप्प बसायची सोयच नव्हती.

परीक्षा संपल्यावर तिने पार्कचं काढलं आणि मी हो म्हणालो. मग एक गंमत झाली. पाळण्यांबद्दल बोलायला आमच्याकडे काही नव्हतं. मला चक्कर येते, तिला येत नाही, विषय संपला. पण तिथे जेवायचं कुठे, यावर आम्ही महिनाभर बोललो. ती मोबाइलवर फोटो दाखवायची. एका ठिकाणी थाळी, एका ठिकाणी बर्गर-पिझ्झा, एका ठिकाणी बुफे, म्हणजे हवं ते आपणच वाढून घ्यायचं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे कळल्यावर मी म्हटलं, "निदान तांदळाची भाकरी तरी नेऊ, पिशवीच्या तळाशी." ती म्हणाली, "पप्पा, तिकडं बॅग चेक करतात. सगळ्यांसमोर भाकरी काढतील, बरं दिसंल काय?" आणि हसली. किती महिन्यांनी हसली. बारालाच जेवायचं, मग गर्दी होते. पाळणा जेवणाआधी, जेवणानंतर नुसतं पाण्यातलं काहीतरी. चार वाजता आइस्क्रीम. मी दमून कंपनीतून यायचो आणि चपला काढता काढता विचारायचो, "मग, काय ठरलं जेवणाचं?" लोक एवढे पैसे मोजून पाळण्यात बसायला जातात आणि महिनाभर जेवणाचंच का ठरवतात, हे मला तेव्हा कळलं. पाळण्यात पट्टा बांधून समोर बघत ओरडायचं असतं. शेजारी कोण आहे ते दिसतही नाही. माणूस माणसासमोर बसतो तो जेवतानाच.

आणि मला तिच्यासमोर बसायचंच होतं. पेणहून तिच्या मावशीचा निरोप आला होता. "पोरीला हितं पाठवा. कॉलेज जवळ हाय, घरात बाईमाणूस हाय. तुमी शिफ्टला गेल्यावर तिच्याकडं कोन बगतं?" बोलणं खरंच होतं. पण कॉलेज रोह्यातही आहे. मला लेकीला विचारायचं होतं, राहतेस का माझ्यापाशी? महिनाभर ते तोंडातून निघालं नाही. म्हणून ठरवलं, तिथे जेवताना विचारायचं. तुझ्यासारखं.

तुझी पद्धत मी कधी विसरलो नाही. अवघड गोष्ट तू कायम ताट वाढून झाल्यावर काढायचीस. आपल्यात भरल्या ताटावरून कोणी उठत नाही, मग किती का राग येईना. गडब गावातलं आपलं ते स्वयंपाकघर अजून दिसतं. मी बारावी झालोय, पुढे शिकायचं डोक्यात आहे. तू वालाचं बिरडं वाढतेस, वरून भाताचा ढीग, आणि म्हणतेस, "बाला, मी कंपनीत सांगून ठेवलाय. सोमवारपासून जायाचं." मी मान वर करतो तर तू आणखी एक डाव वाढतेस. "जेव आधी. नाय म्हणू नको." मी जेवतो. हात धुवेपर्यंत माझं शिक्षण संपलेलं असतं. एवढी वर्षं मी हे लोकांना कौतुकाने सांगत आलो, आमची आई कशी हुशार होती म्हणून.

पार्कात आम्ही बाराला जेवायला गेलो. मी थाळीच्या बाजूने होतो, पण तिने बुफेचा हट्ट धरला होता आणि तिकिटातच त्याचं कूपन घेतलं होतं. आत एसी, पांढरे टेबलक्लॉथ, रांगेने झाकलेली भांडी. तिने आणलेल्या ताटात नूडल्स, पनीर आणि एक गुलाबजाम. मी डाळ-भात घेतला. ती समोर बसली, दोन घास खाल्ले. मी म्हटलं, "बाळा, पेणचं काय—" ती उठली. "पापड आणते." पापड घेऊन आली. मी पुन्हा म्हटलं, "मावशीचा फोन—" ती म्हणाली, "तुमाला सूप आणू?" आणि गेली. तिसऱ्यांदा मी नुसता घसा खाकरला तरी ती खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. मला कळेना. आपल्या घरातली मुलगी, ताट समोर भरलेलं, आणि उठते कशी? भोवती बघितलं तर सगळेच उठत होते, बसत होते, अर्धी ताटं टाकून नवीन घेत होते. मी महिनाभर या जेवणाची आखणी केली आणि जिथे कोणी बसूनच राहत नाही अशा ठिकाणी येऊन बसलो होतो. माझ्या अकलेची मलाच कीव आली.

शेवटी ती बसली. ताटाकडे बघत म्हणाली, "पप्पा, तुमी काय विचारनार ते मला ठावं हाय. म्हनूनच मी बुफे घेतला."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"आईचं दुखनं तुमी मला जेवताना सांगितलात. मला उठता नाय आलं. सगळं ताट संपवलं मी, रडत रडत. तुमी वर आनखी वाढलात." मग जरा थांबून म्हणाली, "त्यानंतर मला घरात जेवन जात नाय. तुमी समोर बसलात की वाटतं, आता काय सांगनार."

आई, मला वाटायचं, शिफ्टमुळे आम्ही एकत्र जेवत नाही. ती माझ्या वेळा बघून जेवत होती. मी झोपलो की डबा उघडायची.

माझ्या ताटात भात तसाच होता. मी म्हटलं, "जा तू पेणला. मावशीकडे बरं वाटेल." तिने मान डोलावली. पुढे काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. मग आम्ही ठरल्याप्रमाणे पाण्यातल्या पाळण्यात बसलो, चारला आइस्क्रीम खाल्लं. परत येताना पालीपर्यंत ती गाडीवर मागे बसून माझा शर्ट धरून होती, पुढे तिला झोप लागली म्हणून मी गाडी हळू घेतली.

जूनमध्ये ती गेली. परवा फोनवर म्हणाली, मावशीकडे दोन वेळा नीट जेवते, वजन वाढलंय. ऐकून बरं वाटलं आणि फोन ठेवल्यावर मी भिंतीकडे बघत बसलो. तुझा राग येतो हल्ली, आई. मेलेल्या आईचा राग धरून माणूस जातो कुठे, ते मात्र कळत नाही. तू मला त्या दिवशी उठू दिलं असतंस तर मी लेकीला उठू दिलं असतं का, हेही मला माहीत नाही.

हे लिहून झालं की घडी घालून कपाटात टाकीन. पाठवणार कुठे? पण एक गोष्ट तुझ्यापाशी कबूल करतो, दुसऱ्या कोणाला नाही सांगणार. त्या दिवशी नुसती माझी दया येऊन ती "राहते" म्हणाली असती ना, तर मी तिला ठेवून घेतलं असतं.