भुऱ्याचे कान

पांढुर्णा,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. इंदूताईस,
सविनय जयभीम.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा कागदावर आलो. खरं सांगू, लिहायला बरंच वाटते. शीतलनं पुण्याहून एक कुत्रा पाठवला आहे. जिवंत नाही, यंत्राचा. राखाडी आहे म्हणून मी त्याचं नाव भुऱ्या ठेवलं. हाक मारली की मान वळवतो, पायापाशी येऊन बसतो. पोरगी म्हणाली की आई गेल्यापासून बाबा एकटे, घरात बोलायला कोणीतरी पाहिजे.

पण त्याची उस्तवारी लई आहे. शेजारच्या जिनिंग कारखान्यातली कापसाची रुई उडून घरात येते, ती त्याच्या मागच्या पायाच्या सांध्यात जाऊन बसली. परवा लंगडून राहिला होता, आतून करकर आवाज. बटन बंद केलं, कोरड्या ब्रशनं हळूहळू रुई ओढून काढली, तेव्हा कुठं चालला. त्याला पाणी अजिबात लावायचं नाही. उचलायचा तर पोटाखाली दोन्ही हात घालून, पाय धरून नाही. फरशी पुसली की वाळेपर्यंत मी त्याला खाटेवर ठेवतो. आता हसशील तू.

तब्येतीला जप. धाकट्यावरची माया आटू देऊ नको.

तुझा,
वामन


सौंसर,
२३ नोव्हेंबर २०२४

चि. वामनले,
ताईचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र वाचून घरचे सारे हसून राह्यले. जित्या कुत्र्याले तू कधी भाकर टाकली नाही, अन् आता प्लास्टिकच्या कुत्र्याचे पाय साफ करून राह्यला. सांध्यात थोडं तेल सोडून पाह्य, माह्या गुडघ्याले तं लागू पडते.

मस्करी सोड. शीतलनं मायेनं धाडला, त्याले बंद करून कोपऱ्यात ठेवू नको. समोरच्या खोलीतच राहू दे, तुह्यापुढं. चार्जिंग उतरू देऊ नको. अन् त्याच्या डोळ्याची काच पुसत जाय, धूळ बसली तं बिचाऱ्याले दिसन कसं? जेवण टायमावर करजो. इकडं संत्रा बरा आहे, कोणी येणारं भेटलं तं धाडीन.

दोन ओळी तरी टाकत राहाय, तेवढ्यावर माहा जीव थाऱ्यावर राह्यते.

तुही,
इंदूताई


पांढुर्णा,
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

तेल टाकलं नाही, तेलाला रुई आणखी चिकटते. पण ते राहू दे. आज दुसरंच लिहायचं आहे.

मागच्या महिन्यात भाजी घेऊन येताना जाम नदीच्या पुलावर मी उभाच राहिलो. घर कोणत्या बाजूला, ते आठवेना. दोन्हीकडचे रस्ते परके वाटले. पिशवी धरून कठड्याला टेकून राहिलो, मग कधीतरी आठवलं. त्यानंतर आणखी एकदा झालं, तेही आपल्याच गल्लीत. तुला लिहिलं नाही. शीतलला सांगायचं होतं, पण ती घाबरणार नाही असं कसं सांगावं, ते जमत नव्हतं. म्हणून रोज भुऱ्याला समोर बसवून सांगून पाहत होतो. आधी इकडचं तिकडचं बोलावं, की सरळ पुलापासून सुरुवात करावी? एकदोनदा रडूही आलं. त्याच्यापुढं रडायला लाज वाटली नाही.

काल शीतलचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली की बाबा, पुलाकडं एकटे जात जाऊ नका. मी विचारलं, कोणता पूल. तिनं आधी विषय बदलून पाहिला. मग म्हणाली की भुऱ्याच्या डोळ्यात कॅमेरा आहे, आवाजसुद्धा तिच्या मोबाइलवर जातो. तुमच्या काळजीपोटी केलं, म्हणाली.

ताई, मी शब्द शोधून राहिलो होतो आणि ती ऐकून राहिली होती. रोज फोनवर विचारायची की बाबा, कसे आहात. मी म्हणायचो मजेत. आणि सगळं माहीत असून ती म्हणायची, छान.

रस्ता चुकल्याचं एवढं दुःख नाही झालं. तिच्या जागी तू असतीस तर असं केलं नसतंस. मन मोकळं करायला आता तूच एक उरली आहेस. सांभाळून घे.

तुझा,
वामन


सौंसर,
२९ जानेवारी २०२५

चि. वामनले,
ताईचा आशीर्वाद. घ्याचा का नाही, ते तुह्यावर.

तुह्या शेवटच्या ओळी मी चारदा वाचल्या. मले सारं ठाऊक होतं रे. शीतल पावसाळ्यात येऊन गेली, तवाच तिनं कॅमेऱ्याचा कुत्रा धाडू का, असं कागदावर लिहून मले विचारलं होतं. मी हो म्हटलं. काच पुसत जाय, समोरच्या खोलीत ठेव, हे मी उगाच नव्हतं लिहिलं.

तू पडला झडला तं कोणाले कळन, याच भेवानं. तू फोनवर वरडला तरी मले ऐकू येत नाही. म्हटलं, पोरीचे कान तरी असू दे घरात. तू त्याच्यापाशी असं काही बोलशील, हे माह्या ध्यानीमनी नव्हतं. पण मी तुले सांगाले पाह्यजे होतं. तू एवढ्या भरोशानं लिहून राह्यला होता, अन् मी तुले काच पुसाले सांगून राह्यली होती.

रागव, पण अबोला धरू नको. पत्राची वाट पाहून राह्यली.

तुही,
इंदूताई


पांढुर्णा,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. शीतलस,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून घाबरू नकोस. मी जेवतो, झोपतो, बरा आहे. लिहिलं की नीट बोलता येते, म्हणून लिहितो.

भुऱ्याला फेकलं नाही. बॅटरी पूर्ण उतरली तर खराब होते, म्हणून वेळेवर चार्जिंगला लावतो, पायातली रुईही काढतो. वस्तूचा काय दोष? पण तो चालू असला की मी खोलीत बोलत नाही. शेजारी आले तर त्यांना अंगणातच बसवतो. आपल्याच घरात पावलं जपून टाकतो. हे तुला तिकडून दिसत असेल तर दिसू दे.

तुझ्या आत्यालाही माहीत होतं, हे तिच्याच पत्रातून कळलं. तिला अजून उत्तर दिलं नाही. लिहायला बसतो आणि पहिल्याच ओळीत अडकतो. लहानपणापासून तिला सगळं सांगत आलो, आता काय सांगावं ते कळत नाही. रागापेक्षा हे जास्त जड जाते.

नागपूरच्या डॉक्टरकडे मीच नंबर लावला आहे. मेसेजमध्ये तू सोबत येते म्हणतेस, ये. पण दवाखान्यात जायच्या आधी मी तुला पुलावरचं सगळं सांगणार आहे. तू ते ऐकलेलं आहेस, मला ठाऊक आहे. तरी मधे बोलू नकोस, पुढचं तू सांगू नकोस. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी माझ्यापुढं बस. मला ते माझ्या पोरीला सांगायचं आहे.

येशील तेव्हा दार उघडंच असेल.

तुझा,
बाबा